मका विकायचा नाही, चारायचा: आयोवातल्या जुन्या शेतकऱ्याचा संसार

अमेरिकेतल्या आयोवा राज्याचं नाव काढलं की मका डोळ्यांसमोर येतो. पण १९०० ते १९४० या काळात तिथल्या बहुतेक शेतकऱ्यांच्या हातात मक्याचे पैसे फारसे येत नसत. मका जायचा डुकरांच्या आणि गुरांच्या पोटात, आणि पैसे यायचे डुकरांचे. घरातला किराणा तर त्याही पैशांतून येत नसे. तो यायचा बायकोच्या अंड्यांवर आणि सायीवर. एका घरात असे दोन गल्ले होते. डुकरांच्या गल्ल्यातून जमिनीचं कर्ज फिटायचं, अंड्यांच्या गल्ल्यातून चूल चालायची. आणि शेतातलं जवळजवळ प्रत्येक माप ठरायचं घोड्यावरून.

चौकोनांचा मुलूख

आयोवाचा नकाशा पाहिला तर रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे दिसतात. त्याचं मूळ १७८५च्या जमीनमोजणीच्या कायद्यात आहे. सरकारने जमीन एक-एक मैलाच्या चौकोनांत आखली. असा एक चौकोन म्हणजे सेक्शन, ६४० एकरांचा. ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप. सेक्शनचा चौथा भाग १६० एकर, आणि एका कुटुंबाचं शेत म्हणजे साधारण एवढंच, ही कल्पना तिथे रुजली. १८६२च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून कसणाऱ्याला हीच १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देऊ केली, पण तोवर आयोवातली बरीच जमीन विकली गेली होती. सरकारी किमान भाव एकरी सव्वा डॉलर होता; जे उशिरा आले त्यांनी रेल्वे कंपन्यांकडून किंवा सट्टेबाजांकडून कितीतरी चढ्या भावाने घेतली. त्याआधी ही भूमी मेस्क्वाकी, सॉक, आयोवे अशा मूळनिवासी लोकांची होती आणि करारांच्या नावाखाली ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली. मेस्क्वाकींनी १८५७मध्ये टामा परगण्यात स्वतःचीच जमीन पैसे मोजून परत विकत घ्यायला सुरुवात केली.

या आखणीमुळे आपल्यासारखं गावठाण तिथे झालंच नाही. प्रत्येकाचं घर स्वतःच्या शेतात, शेजारी अर्धा मैल लांब. शाळाही चौकोनाच्या हिशोबानेच. एका टाउनशिपमध्ये बहुधा नऊ एकखोली शाळा, म्हणजे दर दोन मैलांना एक. एकच बाई पहिली ते आठवीच्या पोरांना शिकवायची. मोठी मुलं मका सोलायच्या दिवसांत गैरहजर असणार, हे तिने धरलेलंच असायचं.

उत्तर-मध्य आयोवाची काळीभोर जमीन मुळात दलदल होती. तिचं शेत झालं ते जमिनीखाली पुरलेल्या मातीच्या नळ्यांमुळे. एक-एक फूट लांबीच्या भाजलेल्या नळ्या तीन-चार फूट खोल चरात नुसत्या एकमेकींना टेकवून ठेवायच्या; सांध्यांमधून पाणी आत झिरपायचं आणि उताराने ओढ्याला जायचं. चर हाताने खणलेला असे आणि उतार अगदी नाममात्र. मध्ये कुठे जरा खोलगट राहिलं की तिथे गाळ बसणार आणि वरची सगळी ओळ तुंबणार. मग पुढच्या पावसाळ्यात शेतात डबकं दिसलं की त्याच्या खालच्या अंगाला खणायला लागायचं.

घोड्याची रुंदी

मक्याच्या दोन ओळींत ४० ते ४२ इंच अंतर असायचं. ते कणसाच्या गरजेपेक्षा घोड्याच्या गरजेपोटी जास्त. कोळपणीच्या वेळी दोन ओळींमधून घोडा रोपं न तुडवता चालला पाहिजे, एवढंच त्यामागचं गणित.

पण नुसत्या सरळ ओळी पुरत नसत. तण ओळीतही उगवतं आणि तणनाशक तर नव्हतंच. म्हणून मका चौफुलीवर लावायचे, उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी ओळ जुळेल असा. आपल्याकडे चौफुलीवर लावलेल्या कपाशीत उभी-आडवी कोळपणी करतात, तोच हिशोब. ४२ इंचांच्या चौफुलीत एकरी सुमारे ३,५५० ठोंबे बसतात. प्रत्येक ठोंब्यात तीन दाणे टाकले की एकरी साडेदहा हजारांच्या आसपास झाडं. आज त्याच जमिनीत याच्या तिप्पट असतात.

हे साधायचं कसं? शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार ताणायची. तिच्यावर दर ४० किंवा ४२ इंचांना एक गाठ. दोन घोड्यांचं दोन-ओळी पेरणीयंत्र त्या तारेकडेने चालायचं. गाठ आली की यंत्राच्या बाजूचा चिमटा खट्कन सरकायचा आणि दोन्ही ओळींत दाणे पडायचे. टोकाला पोचल्यावर उतरायचं, तारेची खुंटी उपटायची, पुढच्या जागी ठोकायची, यंत्र वळवायचं, परत निघायचं. दिवसाला १२ ते १५ एकर होत. म्हणजे घोड्यांची चाल २५ किलोमीटरच्या आसपास.

चूक होते ती खुंटीपाशी. तार दर खेपेला अगदी सारखीच ताणली गेली पाहिजे. एकदा घट्ट, एकदा सैल झाली की गाठी पुढेमागे सरकतात आणि आडवी ओळ नागमोडी होते. मग आडव्या कोळपणीत फण सरळ रोपांवरूनच जाणार. चढउताराच्या शेतात तार घसरायची, तिथे ही भानगड जास्त. रस्त्याकडेच्या शेतात आडव्या ओळी वाकड्या असल्या तर येणारा-जाणारा बघायचा, आणि रविवारी चर्चबाहेर त्यावर बोलणंही व्हायचं. त्यामुळे रस्त्यालगतचा तुकडा सगळ्यांत काळजीने पेरला जाई.

पेरणीची वेळ मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. जुना ठोकताळा असा, की ओकच्या झाडाची पानं खारीच्या कानाएवढी झाली की मका टाकावा. त्याआधी नांगरट. १४ इंची नांगराने एक एकर नांगरायला माणसाला त्याच्यामागे ११ किलोमीटरहून जास्त चालावं लागतं. दोन एकर केले की दिवस संपला. घोड्यांचीही काळजी तेवढीच. गळपट्टा नीट बसला नाही, किंवा त्याखालचा घाम आणि धूळ पुसायची राहिली, की खांदा सोलवटतो. खांदा सोलवटलेला घोडा ऐन पेरणीत आठवडाभर उभा, आणि वापसा काही थांबत नाही. घोड्यांचा खर्चही लहान नव्हता. ओट आणि गवताच्या रूपाने शेताचा चौथा हिस्सा तरी त्यांच्याच पोटात जायचा.

जुलैच्या सुरुवातीपर्यंत तीन-चार कोळपण्या. पहिलीत फणाला पत्र्याच्या ढाली लावायच्या, नाहीतर ढेकळं कोवळ्या रोपांवर पडून ती गाडली जातात. शेवटची मात्र उथळच हवी. मक्याची मुळं तोवर दोन ओळींच्या मध्यापर्यंत आलेली असतात, आणि खोल फण लावणारा तण मारता मारता स्वतःचंच पीक छाटतो.

बियाणं घरचंच. हिवाळ्याच्या शेवटी फडक्यावर चौकोन आखून त्यांना आकडे द्यायचे आणि एकेका कणसाचे सहा-सहा दाणे एकेका चौकोनात ठेवायचे. मग फडकं ओलं करून गुंडाळून चुलीजवळच्या उबेत ठेवायचं. आठवड्याने उघडून बघायचं. ज्या कणसाचे दाणे उगवले नाहीत ते कणीस डुकरांना. एकरभर पेरायला पंधरा-एक कणसं लागतात, म्हणजे एक मेलेलं कणीस निवडलं गेलं की एकराचा पंधरावा भाग रिकामा. १९०४मध्ये आयोवा कृषी महाविद्यालयाचे पेरी होल्डन रेल्वेगाडीतून गावोगाव फिरून हेच शिकवत होते. गाडी स्टेशनात थांबायची, शेतकरी डब्यात चढून व्याख्यान ऐकायचे आणि उतरायचे.

सोलणी

ऑक्टोबरच्या मध्याला मका वाळला की वर्षातलं सगळ्यांत खडतर काम सुरू व्हायचं. ताटं उभीच ठेवून कणीस तिथल्या तिथे सोलून गाडीत टाकायचं. उजव्या पंजावर चामड्याच्या पट्ट्याला बसवलेला लोखंडी आकडा. डाव्या हाताने कणीस धरायचं, आकड्याने पाला फाडायचा, मनगटाच्या झटक्याने कणीस दांड्यापासून मोडायचं आणि न बघता गाडीकडे भिरकवायचं. गाडीच्या पलीकडच्या बाजूला उंच फळ्या लावलेल्या असत. कणीस त्यांवर आपटून आत पडायचं. चांगला सोलणारा पहिलं कणीस फळीवर आपटतं न आपटतं तोच दुसरं मोडत असे. घोड्यांचा लगाम कोणाच्याच हातात नसायचा. सोलणाऱ्याने हाक दिली की चार पावलं पुढे, दुसरी हाक दिली की थांबायचं.

चांगला गडी दिवसाला ८० ते १०० बुशेल (बुशेल म्हणजे तिथलं धान्याचं माप) करायचा. सोललेल्या कणसांचा बुशेल ७० पौंडांचा धरतात, म्हणजे ८० बुशेलला अडीच टन. बुशेलात शंभर-सव्वाशे कणसं बसतात. म्हणजे दिवसाला आठ-दहा हजार कणसं, एकेकाला चार सेकंद. संध्याकाळी तीच कणसं फावड्याने कोठीत चढवायची, मग दूध काढायचं, मग जेवण.

हाताचे काय हाल होत ते हातमोज्यांवरून कळेल. सुती मोज्यांना दोन-दोन अंगठे शिवलेले असत. तळवा फाटला की मोजा उलटा करून घालायचा आणि दुसरा अंगठा वापरायचा. सकाळी पाल्यावर हिमकण असत, ते वितळून मोजे भिजत आणि बोटांना भेगा पडत. बर्फ पडायच्या आत संपलं तर नशीब. नाहीतर जानेवारीत गुडघाभर बर्फात हेच काम.

याचीच पुढे शर्यत झाली. हेन्री ए. वॉलेस या आयोवाच्या शेती-साप्ताहिकाच्या संपादकाने ती कल्पना मांडली, आणि १९२४पासून राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. वेळ ८० मिनिटं. मागे राहिलेल्या कणसांचे आणि कणसाला चिकटलेल्या पाल्याचे गुण कापायचे. १९३०च्या दशकात ही स्पर्धा बघायला लाखभर माणूस जमायचं आणि तिचं वर्णन रेडिओवर लागायचं. १९४१नंतर ती बंद पडली. युद्ध आलं आणि मागोमाग सोलणीची यंत्रंही.

कणसांची कोठी फटी ठेवलेल्या फळ्यांची, उंच आणि लांब, पण रुंदीला जेमतेम आठ फूट. ही रुंदी महत्त्वाची. ओलसर कणसं रुंद कोठीत भरली तर मधल्या ढिगापर्यंत वारा पोचत नाही आणि बुरशी आतून सुरू होते. बाहेरून सगळं सोन्यासारखं दिसतं. लवकर कडाक्याची थंडी पडून मका पिकायच्या आतच गोठला, तर त्या वर्षी भरलेली कोठी हिवाळाभर उघडून उघडून बघावी लागायची.

डुकरं आणि कर्ज

एवढा राबून काढलेला मका डुकराला का घालायचा? वाहतुकीसाठी. सात-आठ बुशेल मका खाऊन डुक्कर १०० पौंडांनी वाढतं. म्हणजे चारशेहून जास्त पौंडांचं धान्य शंभर पौंडांत येतं आणि स्टेशनपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जातं. हिशोब तोंडी असायचा. १०० पौंड डुकराला जेवढे पैसे मिळतात तेवढ्यात अकरा-बारा बुशेल मका येत असेल, तर बाकीचा खर्च धरून चारणं आणि विकणं सारखंच. डुक्कर त्याहून महाग असेल तर चारा, स्वस्त असेल तर मका विका. ज्यांच्याकडे गुरंही पोसायला असत ते डुकरं गुरांच्याच गोठ्यात सोडत, कारण शेणात न पचलेले दाणे पडतात. एकच मका दोनदा पैसे द्यायचा. किळस येत असेल, पण याच काटकसरीवर कर्जाचे हप्ते गेले. डुकराला तिथे चक्क ‘गहाणखत सोडवणारा’ म्हणत.

विणीचा हंगाम मार्च-एप्रिलचा. थंडीत पिलं गारठतात किंवा डुकरीण कुशी बदलताना त्यांच्यावर पडते, म्हणून रात्री कंदील घेऊन कोणीतरी बसायचं, बहुधा घरातला मोठा मुलगा. पण खरी भीती होती ‘हॉग कॉलरा’ या साथीची. बुटाला लागलेली माती, गाडीची चाकं, ओढ्याचं पाणी, कशानेही ती एका शेतातून दुसऱ्या शेतात जायची आणि आठवड्यात कळप संपायचा. मेलेली जनावरं जाळायची आणि बँकेत मुदत मागायला जायचं. १९०७च्या सुमाराला सरकारी शास्त्रज्ञांनी संरक्षक रक्तजल (सीरम) तयार केलं, तेव्हा कुठे हा जुगार थोडा कमी झाला.

घरच्यासाठी दोन-तीन डुकरं थंडीतच कापायची. केस काढायला पाणी साधारण ६५ अंश सेल्सियस हवं. थंड असेल तर केस सुटत नाहीत, आणि फार गरम झालं तर चामडी आवळून केस उलट घट्ट बसतात. मग तासन्‌तास खरवडत बसा. मांड्या मीठ, साखर आणि सोरा (एक क्षार) यांत मुरवून धुरी द्यायच्या. मसाल्याचं मांस तळून मातीच्या बरणीत भरायचं आणि वर वितळलेली चरबी ओतायची. हवा बंद झाली की ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकायचं. उरलेल्या चरबीचा साबण.

तिचा गल्ला

शेतावरची बाई शंभर-दीडशे कोंबड्या सांभाळायची. अंडी पेटीने विकली जात. एका पेटीत ३० डझन, म्हणजे ३६० अंडी. शनिवारी संध्याकाळी सगळं घर गाडीतून गावात जायचं. दुकानदार अंडं दिव्यासमोर धरून बघायचा, आत डाग किंवा रक्ताची रेघ दिसली की बाजूला. उरलेल्यांच्या बदल्यात साखर, कॉफी, कापड, रॉकेल. उन्हाळ्यात अंडी नासायची, कारण फळलेलं अंडं उन्हाच्या उबेनेच वाढू लागतं. उपाय सोपा होता. पिलं काढून झाली की मे-जूनमध्ये कोंबडे विकून टाकायचे किंवा खायचे. नर नसला तरी कोंबडी अंडी घालतेच. कृषी खात्याने यासाठी मोहिमाच काढल्या होत्या.

सायीसाठी हाताने फिरवायचं क्रीम सेपरेटर यंत्र. त्याच्या दांड्यात छोटी घंटी असे. पुरेसा वेग येईपर्यंत ती वाजत राहायची, वेग आला की गप्प. वेग कमी पडला तर साय दुधातच राहते, म्हणजे पैसे डुकरांच्या द्रोणात, कारण खालचं पातळ दूध त्यांनाच जायचं. यंत्राच्या पोटात एकावर एक बसणाऱ्या पत्र्याच्या कितीतरी वाट्या. रोज सुट्या करून कढत पाण्यात धुवायच्या आणि त्याच क्रमाने परत ओवायच्या. घरातली मुलगी मोठी झाली की हे काम तिच्याकडे सरकायचं. या यंत्राबद्दल प्रेमाने बोललेलं फारसं कुठे आढळत नाही.

सोमवारी कपडे. पाणी पवनचक्कीच्या पंपावरून बादल्यांनी आणायचं आणि चुलीवर तापवायचं. सरपण बहुधा दाणे काढलेली रिकामी कणसं. ती भडकून पेटतात आणि लगेच विझतात, म्हणून भट्टी लावली की कोणीतरी सारखं घालत राहायचं. ते काम सहा-सात वर्षांच्या पोराचं.

मळणीला इर्जिक होती, अगदी आपल्यासारखी. दहा-पंधरा शेतकरी मिळून एक वाफेचं इंजिन आणि मळणीयंत्र भाड्याने आणत आणि एकेकाचे ओट मळून देत पुढे जात. पुरुषांचं काम यंत्राभोवती. घरधनिणीवर मात्र वीसेक माणसांचं दोन वेळचं जेवण आणि मधली न्याहारी, तीही जुलैच्या उकाड्यात, लोखंडी चुलीवर. कोणाच्या घरी पाय किती प्रकारचे होते हे वर्षभर लक्षात राहायचं (पाय म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, गैरसमज नको).

जमीन कोणाची, १ मार्च कोणाचा

पाच-सहा मुलं आणि १६० एकर. आपल्याकडे वाटण्या झाल्या असत्या. तिथे जमीन बहुधा फोडली जात नसे. एक मुलगा आधी बापाकडून खंडाने घ्यायचा, मग बाप गावात छोटं घर घेऊन राहायला जायचा, आणि बाप गेल्यावर तो मुलगा भावंडांचे हिस्से विकत घ्यायचा. कायद्याने बहिणींचाही वाटा. त्यामुळे शेत अखंड राहायचं, पण तीच जमीन प्रत्येक पिढीला नव्याने कर्ज काढून सोडवावी लागायची. बाकीच्या मुलांसाठी शिडी ठरलेली. आधी सालगडी, मग अर्धलीचा कूळ, नशिबाने साथ दिली तर मालक. १९३०च्या दशकात आयोवातले जवळपास निम्मे शेतकरी कूळच होते. करार १ मार्चला संपत, म्हणून त्या दिवशी गोठलेल्या रस्त्यांवर बिछाने, चुली, कोंबड्या आणि पोरं लादलेल्या गाड्यांची रांग दिसायची. पोरांची शाळाही वर्षाच्या मध्येच बदलायची.

घरांत जर्मन, नॉर्वेजियन, डच, चेक भाषा चालत. १९१८मध्ये, पहिल्या महायुद्धात जर्मनी शत्रू असताना, आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनी फर्मान काढलं, की शाळेत, चर्चमध्ये, रस्त्यावर आणि टेलिफोनवरही फक्त इंग्रजीच बोलायचं. एका तारेवर आठ-दहा घरांचे फोन असत आणि शेजारी ऐकत असत, त्यामुळे आजीला फोनवर जर्मनमधून हाक मारणंही धोक्याचं झालं.

त्याच महायुद्धाने भाव चढवले. १९२०मध्ये आयोवातली जमीन सरासरी एकरी अडीचशे डॉलरच्या आसपास पोचली आणि लोकांनी त्या भावाने कर्जं काढली. १९३३मध्ये तीच जमीन ७० डॉलरवर होती. कर्ज मात्र अडीचशेच्या हिशोबाचंच. १९३२च्या हिवाळ्यात मका बुशेलला १० सेंटच्या घरात आला. त्या भावाने एक टन कणसं ३ डॉलरच्या आसपास पडतात आणि कोळसा त्याहून महाग, म्हणून लोकांनी शेगडीत मका जाळला. मायलो रेनो या शेतकरी नेत्याच्या संघटनेने सू सिटी या शहराचे रस्ते अडवले, दुधाचे कॅन ओतून दिले. जप्तीच्या लिलावात शेजारी जमून घोड्याला दहा सेंट, नांगराला पाच सेंट अशी बोली लावायचे आणि सामान मालकाला परत करायचे. जो कोणी खरी बोली लावायला तोंड उघडेल त्याच्या शेजारी दोन धिप्पाड माणसं आधीच उभी असत.

मग बदल भराभर आले. वॉलेस यांनी १९२६मध्ये काढलेल्या कंपनीसारख्या कंपन्यांचं संकरित बियाणं १९४०च्या सुमारापर्यंत जवळजवळ प्रत्येक शेतात पोचलं आणि चुलीजवळची फडकी संपली. ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना १९३५ची. तेव्हा अमेरिकेतल्या दहा शेतांपैकी जेमतेम एकात वीज होती. ओळींमध्ये चालू शकणारा ट्रॅक्टर १९२४मध्ये आला आणि मंदी, युद्ध ओलांडून १९४५नंतर त्याने घोड्यांना तबेल्यातून घालवलं.

ओळींमधलं अंतर मात्र तसंच राहिलं. कोळपी, सोलणीयंत्रं, ट्रॅक्टरची चाकं, सगळी ४० इंचांच्याच मापाने घडवलेली होती. शेवटचा घोडा विकल्यावरही पंधरा-वीस वर्षं आयोवातला शेतकरी दोन ओळींत एका घोड्यापुरती जागा सोडतच राहिला. ३० इंचांची ओळ रुळू लागली ती १९६०च्या दशकात.